ओझं कुठल्या दिशेनं जातं

माशाच्या गाडीवर काम करायचं तर बॉनेट उघडण्याआधी नाकाची सोय करावी लागते. बर्फाचं पाणी हौद्यातून चॅसीवर आणि चॅसीवरून सायलेन्सरवर ठिबकत राहतं. इंजिन तापलं की मागच्या आठवड्यातला बांगडा नव्यानं ताजा होतो. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचा गाळा आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा कोकणातली मासळी वर आणणाऱ्या पिकअप दुरुस्तीला येतात. ते दोन महिने शेजारचा लेथवाला आमच्याशी जरा तुटकच बोलतो.

२०१८ च्या जूनमध्ये दाजी आले. त्यांचं नाव सांगत नाही. सगळी लाइन त्यांना दाजीच म्हणायची. रात्री रत्नागिरीत मिरकरवाड्याला माल भरायचा, पाली-साखरपा करत आंबा घाट चढायचा, मलकापूर-बांबवडे मागे टाकून उजाडायच्या आत कोल्हापुरात पेट्या उतरवायच्या, असा त्यांचा धंदा. गाडी वर्षाचीच होती. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, पंचाहत्तरच्या आसपास हॉर्सपॉवर.

"मिस्त्री, घाटात दम टाकतीया गाडी. वाईच डिझेल वाढवून द्या."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. फक्त तेव्हा ते वडिलांना उद्देशून असायचं.

वडील पंप-नोझलवाले. म्हणजे डिझेल पंप खोलायचा, टेस्ट बेंचवर लावायचा, चार काचेच्या नळ्यांत चार सिलिंडरचं डिझेल पडताना बघायचं आणि सगळ्या नळ्या सारख्या भरेपर्यंत घाम गाळायचा. पंपाला पूर्ण लोडचा एक स्क्रू असे. त्यावर कंपनीची तार आणि शिशाचं सील. ट्रकवाला यायचा, इकडंतिकडं बघायचा आणि तेच म्हणायचा, डिझेल वाढवा. वडील सील तोडून स्क्रू पाव आटा फिरवायचे आणि गिऱ्हाइकाला अर्धा फिरवला म्हणून सांगायचे. ट्रकवाला कागलपर्यंत जाऊन यायचा आणि खूश होऊन चहा पाजायचा. त्या पाव आट्याचा हिशेब सायलेन्सरमधून बाहेर पडायचा. चढावर काळा धूर निघाला की समजायचं, हवा तेवढीच आहे, डिझेल जास्त झालंय, आणि जास्तीचं डिझेल ओढायच्या कामी न येता काजळी बनून चाललंय. वरवर स्वस्त होतं ते काम, कारण फुकट गेलेलं डिझेल बिलात कुठं दिसत नसे.

सगळ्या नोझलना एकाच नळीतून दाबाखाली डिझेल देणारं कॉमन रेल आलं आणि तो स्क्रूच गेला. जुन्या ट्रॅक्टरचं नोझल दोनशे बारच्या आसपास उघडायचं. आता रेलमध्ये सोळाशे बार आणि त्याच्याही वर दाब असतो. गाडीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतात, यावरून अंदाज करा. किती डिझेल, कधी आणि एका स्फोटासाठी किती वेळा थोडं थोडं सोडायचं, हे इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. वडिलांनी पहिल्यांदा कॉमन रेलचा पंप हातात घेतला, चारी बाजूंनी फिरवून बघितला आणि खाली ठेवला. "ह्येला पिळायला कायच न्हाई," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी नवीन गाडीला हात लावला नाही.

मी पतसंस्थेचं कर्ज काढून लॅपटॉप आणि ईसीयू वाचायचं यंत्र घेतलं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये वायर खुपसायची, ईसीयूतली फाइल उतरवून घ्यायची, बदल करायचा, परत टाकायची. आत काय असतं? तक्ते. शेकडो तक्ते. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला पेडल किती दाबलंय ते, आणि चौकटीत आकडे. त्यातल्या एकाचं नाव मला फार आवडतं: ड्रायव्हर विश. पायानं काय मागितलं, ते त्या तक्त्यात असतं. पण मागितलं म्हणजे मिळालं असं नाही. पुढे टर्बोचा दाब, धुराची मर्यादा, ओढीची मर्यादा, तापमान असे तक्ते रांगेत उभे असतात आणि प्रत्येक जण त्या इच्छेतलं थोडं थोडं कापत जातो. आमच्या तालुक्याच्या कचेरीसारखंच.

स्वस्तातलं ट्यूनिंग करणारे फक्त या पहिल्या तक्त्याला हात लावतात. पेडल तीस टक्के दाबलं तर साठ टक्के दाबलंय असं ईसीयूला सांगायचं. गिऱ्हाईक बसतो, जरा पाय ठेवतो आणि गाडी झेपावते. इंजिनाची ताकद तसूभरही वाढलेली नसते. पाय पूर्ण दाबला की गाडी पूर्वीएवढीच. पण पूर्ण पाय दाबून बघतो कोण?

खरं ट्यूनिंग म्हणजे पुढच्या सगळ्या मर्यादा हिशेबानं थोड्या थोड्या सैल करणं. ती जागा कंपनीनं ठेवलेली असते, हे खरं आहे. इसुझूच्या डी-मॅक्सचंच बघा. मालवाहू पिकअपला अडीच लिटरचं इंजिन, ताकद ७८ हॉर्सपॉवर. त्याच घराण्यातल्या व्ही-क्रॉसला १.९ लिटरचं लहान इंजिन, आणि ताकद १६३. ओझ्याच्या गाडीचं इंजिन मुद्दाम निवांत ठेवतात. मालक एअर फिल्टर वेळेवर बदलणार नाही, डिझेल कुठल्याही पंपावर भरणार, मे महिन्यात दीडपट माल घालून घाट चढणार, हे कंपनीतल्या माणसाला ठाऊक असतं. आमच्या लाइनीत त्याला कंजूष म्हणतात. मीही म्हणायचो.

दाजींना मी २२ हजार सांगितले. वाटाघाटी होऊन त्यावरच आलो, फक्त नोझल साफ करणं त्यात धरलं. गाडीत सिमेंटच्या पोत्यांचा दीड टन माल घातला आणि केर्लीवरून जोतिबाच्या डोंगराला चढवून बघितली. आमच्याकडं ताकद मोजायचं यंत्र, डायनो, नाही. जोतिबाचा चढ हाच आमचा डायनो. आधी ज्या वळणानंतर दुसरा गिअर टाकावा लागत होता, ते वळण फाइल टाकल्यावर तिसऱ्यातच निघालं. धूर नाही. दाजींचा ड्रायव्हर, पंचेचाळिशीचा, मोजकं बोलणारा माणूस, वर पोचल्यावर म्हणाला, "नाद खुळा." त्याच्याकडून ही फार मोठी पावती होती.

क्लच ऑगस्टमध्ये जळाला.

रात्री दोनला फोन आला. आंबा घाट, मुसळधार पाऊस, गाडी वळणावर उभी, हौद्यात दीड टनाच्या वर मासळी आणि बर्फ. मी आणि पोऱ्या क्लच सेट घेऊन निघालो. पोचलो तोपर्यंत दाजींनी दुसरी गाडी मागवून पेट्या त्यात घालायला सुरुवात केली होती. दोन-अडीच तास बर्फाचं पाणी होत होतं आणि ते कुणी बोलून दाखवत नव्हतं. बॅटरीच्या उजेडात गिअरबॉक्स उतरवला. प्लेटचं अस्तर संपून रिव्हेट घासले होते आणि फ्लायव्हील निळं पडलं होतं.

चूक माझी होती, आणि ती फाइलमध्ये होती. ओढ वाढवताना मी ती चौदाशे-पंधराशे आरपीएमला, अगदी खालीच जास्त दिली होती, कारण ती तिथंच गिऱ्हाइकाच्या पाठीला जाणवते. कंपनीनं क्लच निवडला होता २०० न्यूटन-मीटरच्या ओढीसाठी, वर थोडी जागा ठेवून. ती जागा मी आणि जादा माल, दोघांनी मिळून खाल्ली. नागमोडी वळणावर हाफ क्लचवर ड्रायव्हर गाडी धरतो, तेव्हा पूर्वी इंजिन आधी मेटाकुटीला यायचं आणि तो समजून पहिला टाकायचा. आता इंजिन ओढत राहिलं, आणि घसरत राहिली ती प्लेट. इंजिनाचा थकवा ड्रायव्हरला ऐकू येतो. क्लचचा येत नाही. त्याचा वास येतो, आणि माशाच्या गाडीत तोही येत नाही.

क्लच सेट, फ्लायव्हीलचं लेथवरचं काम, दुसऱ्या गाडीचं भाडं, पडत्या भावानं गेलेला माल. क्लचचे पैसे मी घेतले नाहीत. मालाबद्दल दाजी बोलले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

त्यानंतर मी ठरवलं, एक रात्र त्या गाडीत बसायचं. सप्टेंबरमध्ये मिरकरवाड्याहून लॅपटॉप मांडीवर घेऊन निघालो. ईसीयू काय करतोय ते सगळं नोंदवत होतो: पेडल, आरपीएम, टर्बोचा दाब, रेलचा दाब. हातखंब्यापर्यंत ट्रॅफिक. पालीच्या पुढं रस्ता मोकळा. साखरप्याला चहा. घाटात पुढं एक उसासा टाकणारा दहा चाकी ट्रक, त्याच्या मागं एक एसटी, तिच्या मागं आम्ही. शेवटी आंब्याला धुकं. कोल्हापुरात पोचल्यावर नोंद उघडून बघितली. सव्वातीन तासांच्या प्रवासात पेडल पूर्ण दाबलेलं होतं तो सगळा वेळ मिळून जेमतेम अकरा मिनिटं. म्हणजे मी २२ हजारांना जे विकलं होतं, ते अकरा मिनिटांपुरतंच कामाला येत होतं. उरलेल्या वेळात गाडी कंपनीची असती तरी काही फरक नव्हता. वेग वळणं ठरवत होती आणि पुढचा ट्रक ठरवत होता.

मग वडिलांच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. माल धरून गाडी साडेतीन टन. साखरप्यापासून वर आंब्यापर्यंत चढ पाचशे मीटर धरला, तर नुसतं ते वजन उचलायला सुमारे पावणेदोन कोटी ज्यूल लागतात. एक लिटर डिझेलमध्ये साडेतीन कोटींच्या आसपास ज्यूल असतात, पण चाकापर्यंत त्यातला तिसरा हिस्सा पोचला तरी नशीब. म्हणजे घाट चढायला दीड लिटरच्या आसपास डिझेल लागणारच. फाइल कुणाचीही असो, हे दीड लिटर कमी करणारा अजून जन्मायचाय. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी हवा अडवणारी झडप ओझं कमी असताना छळत नाही, त्यामुळं सपाटीला, हलक्या पायावर, ट्यूनिंगनं वाचवण्यासारखं फारसं काही शिल्लकच नसतं.

तरी गिऱ्हाइकाचा दुसरा प्रश्न नेहमी अवरेजचाच. दाजींच्या डायरीत टाकी फुल ते फुल अशा नोंदी होत्या. आधी लिटरला ११.८, नंतर १२.१. महिन्याला साडेसहा हजार किलोमीटर धरले, तर वाचलेलं डिझेल तेरा-चौदा लिटर, त्या वेळच्या भावानं हजाराच्या आत. २२ हजार फिटायला जवळपास दोन वर्षं, आणि तेही मधल्या काळात क्लच टिकला तर. शिवाय ते ०.३ माझ्या फाइलमुळं आले की साफ केलेल्या नोझलमुळं, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही.

याच सुमारास एका बांधकामवाल्याची दोन दारांऐवजी चार दारांची, ऐटबाज पिकअप आली होती. दुसऱ्या शहरात ट्यून केलेली. मीटरवर अवरेज पंधरा दाखवत होतं, मालक गावभर सांगत होता. आम्ही टाकी भरून मोजलं, तर साडेबारा. कारण साधं आहे. मीटर डिझेल मोजत नाही. ईसीयूनं किती सोडायला सांगितलं त्याची बेरीज करतो. ट्यून करणाऱ्यानं इंजेक्टर उघडा राहण्याची वेळ वाढवली आणि ईसीयूला मात्र जुनंच प्रमाण वाटत राहिलं. इंजिन जास्त पीत होतं आणि वही कमी लिहीत होती. मालकाला मी हे समजावून सांगितलं. तो रागावून गेला, आणि माझ्यावर रागावून गेला.

सप्टेंबरच्या त्या रात्रीच्या प्रवासात एक गोष्ट लॅपटॉपवर नोंदली गेली नाही. ड्रायव्हर घाटात दर वळणानंतर डावा गुडघा चोळत होता. मी विचारलं तर म्हणाला, आता बरं आहे. पूर्वी दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत चढावं लागायचं. आता बराचसा घाट तिसऱ्यात निघतो, क्लच कमी दाबावा लागतो. "मालकाला काय फायदा झाला म्हाईत न्हाई मिस्त्री, माझ्या ढोपराला झाला." मी दिलेल्या ताकदीची ही एकच किंमत कुणी खरी वसूल करत होतं, आणि पैसे त्यानं दिले नव्हते.

तेव्हापासून गाडी आली की मी आधी विचारतो, माल कुठून कुठं जातो? लोकांना वाटतं, मी चौकशा करतोय. गोव्याला भाजी नेणारा एक पोरगा असाच आला होता. आंबोलीतून खाली जातो, येताना रिकामा येतो. त्याला त्याच्या मित्रासारखी फाइल हवी होती. मित्र माशाचा धंदा करत होता. मी म्हटलं, भावा, तू भरून उतरतोस आणि रिकामा चढतोस. तुझं ओझं तर उतारच ओढतोय. तुला ताकद नको, थांबता आलं पाहिजे. त्याचे मागचे ब्रेक लायनर बघितले तर संपलेले. ते बदलले, ब्रेक ऑइल बदललं, उतारावर तिसऱ्यातच उतर म्हणून सांगितलं. बिल बघून त्याचा चेहरा पडला. ब्रेक बदलल्याचं कुणी मित्राला सांगत नाही.

आणि निम्म्या गाड्यांचा तर रोगच वेगळा असतो. ओढत नाही म्हणून येतात आणि निघतं काय, तर इंटरकूलरचा होज फाटलेला, एअर फिल्टरवर वीटभट्टीची धूळ, डिझेल फिल्टर वेळ उलटून गेलेला, जळका धूर परत इंजिनात फिरवणारी ईजीआर झडप काजळीनं गच्च, कधी एका चाकाचा ब्रेकच धरून बसलेला. कंपनीनं दिलेल्या ताकदीतलीच पंधरा-वीस टक्के हरवलेली असते. ती परत आणून दिली की दीड-दोन हजारांत काम होतं. पण गिऱ्हाइकाला ते पटत नाही. होज बदलून गाडी पळायला लागली, तर त्याला वाटतं, मिस्त्रीनं मुख्य काम केलंच नाही. म्हणून मी एक युक्ती करतो, हवं तर ढोंग म्हणा. होज बदलल्यावर लॅपटॉप काढतो, वायर लावतो आणि स्क्रीनवर टर्बोच्या दाबाची रेष दाखवतो. आधी इथं होती, आता इथं. पैसे होजचेच घेतो. लॅपटॉप फक्त साक्षीला. वडील पाव आट्याला अर्धा म्हणायचे, त्याचाच हा वंश असावा.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं आणि मागणीचा सूर बदलला. या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरला की इंजिन जादा डिझेल सोडून त्याचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळतं. त्यासाठी गाडी थोडा वेळ सलग पळायला लागते. गावातल्या गावात, वीस मिनिटं चालू आणि तासभर बंद अशा फेऱ्या मारणाऱ्या पिकअपला ते जमत नाही. दिवा लागतो, ताकद कमी होते, मालक वैतागतो. मग कुणीतरी सांगतं, फिल्टर काढून टाका, फाइलमध्ये बंद करा. त्याचे पैसे ट्यूनिंगपेक्षा जास्त मिळतात. मी ते काम करत नाही. मोठेपणा म्हणून नाही. आमच्या गाळ्यासमोर शाळेच्या रिक्षा उभ्या राहतात आणि माझा पोरगा त्यातल्याच एकीतून जायचा.

कायद्याचं बोलायचं तर मी आधी केलेलं कामही स्वच्छ नव्हतंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ गोष्टींत परवानगीशिवाय बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागं पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. फाइल डोळ्यांना दिसत नाही म्हणून आम्ही सगळे निर्धास्त होतो. वॉरंटी गेली, अपघातानंतर विमा कंपनीनं ईसीयू वाचायचं ठरवलं, तर मालक उघडा पडणार, मिस्त्री नाही. हे मी दाजींना २०१८ मध्ये सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं, हे काही उत्तर नव्हे.

मागच्या जूनमध्ये दाजी नवी गाडी घेऊन आले. बीएस-६, पांढरी, वास अजून न लागलेली. मागोमाग जुनी गाडीही आली, तिच्यावर ड्रायव्हर तोच, मिशा पांढऱ्या झालेल्या. दाजी म्हणाले, "हिलाबी टाका मागच्यासारखी फाइल. पण क्लच सांभाळून."

मी नाही म्हटलं. जुन्या गाडीची मूळ फाइल मी जपून ठेवली होती. जुनी गाडी विकायच्या आधी कंपनीची होती तशी करून देतो म्हटलं, फुकट. दाजींनी पाच मिनिटं वाद घातला, मग कुणाचा तरी फोन आला आणि बोलत बोलत ते चहाच्या टपरीकडं गेले.

ड्रायव्हर मागंच राहिला होता. जुन्या गाडीकडं बोट करून म्हणाला, "मिस्त्री, ही अजून दोन महिनं मीच चालवणार हाय. क्लच लई जड झालाय. कायतरी हुईल का?"

गाडी वर घेतली. क्लचचा फोर्क टेकतो तिथलं ग्रीस सुकून खडा झालं होतं आणि प्लेटही झिजत आली होती. दुपारपर्यंत दोन्ही केलं. तो आत बसला, चावी न लावता. पेडल दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं. दाजी टपरीवरून हाका मारत होते आणि हा बंद गाडीत बसून क्लच दाबत होता.